थकलेल्या मेंदूचा कच्चा हिशेब

अभ्यासाचे तास वाढवूनही सराव चाचणीतले गुण खाली येऊ लागले, की पहिली कुऱ्हाड पडते ती झोपेवर. तासभर कमी झोपलं की तेवढाच एक धडा जास्त होईल, असं वाटतं. पण आपण किती थकलोय आणि आपल्याला किती येतंय, या दोन्ही बाबतींत आपला अंदाज फार कच्चा असतो.

आधी झोप. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना सलग १४ रात्री मोजकंच झोपू दिलं. कुणाला आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार. दिवसा त्यांना इतर चाचण्यांबरोबर एक अगदी साधं काम दिलं जाई: पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांकडून खुणा रोज जास्त जास्त निसटू लागल्या. दोन आठवड्यांनी त्यांची गत एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखी झाली. मला सर्वांत गंभीर वाटते ती पुढची गोष्ट. ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नावरचं त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास तिथेच थांबलं होतं. ‘मला सवय झालीय’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

अशा थकव्याचं बर्नआउट कधी होतं? मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: न ओसरणारा थकवा, कामाबद्दल आलेला तुटकपणा आणि ‘मला काहीच जमत नाही’ ही भावना. परीक्षार्थीला तिसरं अंग जास्त छळतं, कारण त्यावर उतारा म्हणून तो आणखी तास वाढवतो. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावं.

‘किती येतंय’ हा अंदाजही असाच फसतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. इतरांनी तो एकदा अभ्यासला आणि मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आणि आपल्याला हे लक्षात राहील याची खात्रीही त्यांनाच जास्त होती. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

त्यामुळे संध्याकाळी तोच धडा तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहावं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरावं. सुरुवातीला कागद अर्धा रिकामाच राहतो आणि मन खट्टू होतं, पण तो लाल मजकूर हाच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास. तो बहुतेकदा अख्ख्या धड्यापेक्षा खूपच लहान असतो, आणि वाचलेला वेळ झोपेला देता येतो.