एडी सिकॉटला मुद्दाम बाहेर बसवलं होतं का?

बेसबॉलची ही गोष्ट आजही सांगितली जाते: १९१९ साली ३० सामने जिंकले तर शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू; बेसबॉलमध्ये संघाचा विजय एका पिचरच्या नावावर लागतो) एडी सिकॉट याला १०,००० डॉलर बोनस मिळणार होता, २९ झाल्यावर कंजूष मालक चार्ल्स कोमिस्कीने त्याला बाहेर बसवलं आणि त्या रागात त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, विकली: जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन मुद्दाम हरायच्या कटात तो सामील झाला.

खरं तर २९ विजयांनंतरही त्याला दोनदा संधी मिळाली. २४ सप्टेंबरला तो सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला तेव्हा संघ मागे होता. संघाने सामना शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) जिंकला, पण तो विजय त्याच्या नावावर लागला नाही. २८ तारखेला तो पुन्हा उतरला, दोनच इनिंग टाकल्या. सिरीज तोंडावर आलेली, मुख्य पिचरला कोण दमवेल? शिवाय या संघाचा पगारखर्च लीगमध्ये वरच्या संघांत मोडत होता.

१ ऑक्टोबरला सिरीजच्या पहिल्या सामन्यात सिनसिनाटीत त्याचा दुसराच चेंडू समोरच्या संघाचा फलंदाज मॉरी रॅथला लागला. कट पक्का झाल्याची ती खूण होती. लाचेचे १०,००० डॉलर आधीच हातात पडले होते, उशीखाली सापडले असं त्यानेच कबूल केलं. कोमिस्की साधुसंत नव्हता, पण हे पाप त्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.