जुना कृष्णधवल फोटो ‘जसाच्या तसा’ नसतो

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत पणजोबांचे कृष्णधवल फोटो दाखवताना हमखास ऐकू येतं, ‘तेव्हा एडिटिंग नव्हतं, कॅमेऱ्याला दिसलं तेच कागदावर आलं.’ हे साफ चूक आहे.

निगेटिव्ह हा कच्चा माल. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर मोठी प्रतिमा पाडणारं यंत्र. त्याखाली फोटोच्या कागदावर प्रकाश पडत असताना पगडीखाली काळवंडलेल्या चेहऱ्यावर तारेला लावलेली पुठ्ठ्याची छोटी चकती धरतात. या कागदावर जितका जास्त प्रकाश, तितका तो काळा; म्हणून तेवढ्या भागाला प्रकाश कमी मिळतो आणि चेहरा उजळतो. चकती सतत हलती हवी, नाहीतर तिची कड छापात उमटते. यात खरं कसब आहे. उलट, भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून आकाशाला काही सेकंद जास्त दिले, की फिकट ढग गडद होतात. स्टुडिओवाले तर निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवत.

काही निर्णय त्याही आधीचे. भिंगावर लाल फिल्टर चढवला तर निळं आकाश जवळजवळ काळं येतं. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत तर कुठला भाग किती काळा, किती पांढरा हवा, हे शटर दाबण्यापूर्वीच ठरवतात.