फिशटँकमधलं हिरवं पाणी ओतून देऊन जात नाही

पाणी हिरवं झालं की सगळं ओतायचं, टाकी घासायची, नवं पाणी भरायचं: रत्नागिरी काय नि वेंगुर्ला काय, सल्ला हाच. आठवड्याभरात पाणी पुन्हा हिरवं!

हा रंग पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा. ग्लासभर पाणी तासभर ठेवून बघा, गाळ खाली बसेल, हिरवी झाक तशीच राहील. या शेवाळाला लागतं ऊन आणि माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यांचं खत. टाकी पडवीत उन्हाला असेल तर पाणी बदलून काय होणार? उलट फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, ते जिवाणू जो पचवतात तो विष्ठेतला अमोनिया वाढतो आणि शेवाळाचं फावतं. विहिरीचं पाणी वापरत असाल, तर तिच्यात नुकतीच टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर टाकलेली नाही ना, ते बघा.

टाकी ३-४ दिवस जाड चादरीने पूर्ण झाका. दिवा बंद, खाणं नावापुरतं. हवेचा पंप मात्र चालूच हवा, कारण मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन संपतो. म्हणून वीज सारखी जाणाऱ्या पावसाळी दिवसांत हे करू नका. नंतर पाव हिस्सा पाणी बदला, टाकी उन्हातून हलवा आणि दिवा ६ ते ८ तासच लावा.