अमेरिकेतल्या जुन्या महिला क्लबच्या वह्या: थोडी पार्श्वभूमी

१८६८ साली चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आला होता तेव्हा न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी डेल्मोनिको हॉटेलात त्याला मोठं जेवण दिलं, पण जेन कनिंगहॅम क्रोली, म्हणजे 'जेनी जून' नावाने लिहिणारी नावाजलेली पत्रकार, तिला तिथे बरोबरीने बसू द्यायची कोणाची तयारी नव्हती, कारण ती बाई. मग तिने त्याच वर्षी बायकांचाच क्लब काढला, सोरोसिस. कवयित्री अ‍ॅलिस केरी पहिली अध्यक्ष. बॉस्टनचा न्यू इंग्लंड विमेन्स क्लबही १८६८ चाच.

नंतर गावोगाव असे क्लब निघाले आणि १८९० मध्ये त्यांचा देशपातळीवर महासंघ झाला. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी अभ्यासच चालायचा, कॉलेज बघायला मिळालेल्या बायका फार थोड्या होत्या ना, म्हणून एकीने निबंध लिहून आणायचा, वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. त्यातूनच पुढे लायब्ररी, शाळा, बालमजुरी असे विषय आले, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवणं आलं.

आज या क्लबचं दप्तर म्हणजे मिनिट्सच्या (सभेत काय झालं त्याच्या नोंदींच्या) वह्या, वर्गणीचे हिशोब, दरवर्षीच्या छापील कार्यक्रम पुस्तिका, कात्रणं. मला यात मिनिट्स सगळ्यात मोलाच्या वाटतात. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, मतं किती पडली, सगळं नीट टिपलेलं, आणि हे अशा काळात जेव्हा यातल्या बहुतेकींना सरकारी निवडणुकीत मत नव्हतं, देशभरासाठीची घटनादुरुस्ती १९२० ला झाली. सभा कशी चालवायची, विरोध कसा नोंदवायचा हे त्या तिथे शिकल्या.

एक गोष्ट मात्र फार खटकते. सभासदांच्या यादीत बाईचं स्वतःचं नावच बरेचदा नसतं, 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं अख्खं नाव. मग तिचं नाव शोधायला जनगणनेची कागदपत्रं, चर्चची रजिस्टरं, थडग्यावरची अक्षरं असं फिरावं लागतं. जिने वर्षानुवर्षं सेक्रेटरी म्हणून वही लिहिली तिचंसुद्धा.

आणि या क्लबांची दारं सगळ्याच बायकांना उघडी नव्हती हेही सांगायला हवं. जोसेफिन सेंट पिअर रफिन ही बॉस्टनची कृष्णवर्णीय कार्यकर्ती न्यू इंग्लंड विमेन्स क्लबची सभासद होती, तरी १९०० साली महासंघाच्या मिलवॉकीच्या अधिवेशनात तिला सांगितलं गेलं की गोऱ्या बायकांच्या संस्थेची प्रतिनिधी म्हणून बसा, तुमच्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्लबची म्हणून नाही. तिने साफ नकार दिला. कृष्णवर्णीय महिलांच्या क्लबांनी १८९६ मध्येच आपली राष्ट्रीय संघटना उभी केली होती, मेरी चर्च टेरेल तिची पहिली अध्यक्ष. आणि रफिनने त्याच्याही आधी, १८९४ पासून, 'वुमन्स इरा' हे वर्तमानपत्र चालवलं, त्यात ठिकठिकाणच्या क्लबांच्या बातम्या यायच्या, त्यामुळे त्या बायका काय करत होत्या हे आज त्यांच्याच शब्दांत वाचता येतं.