तुमच्या नव्या बोर्डावर लिनक्स कर्नल: काम सुरू करण्याआधी

‘चिपवर लिनक्स चालतं असं कंपनी सांगते, मग आमच्या बोर्डावर का चालत नाही?’ ग्राहकांच्या नव्या बोर्डांवर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालता करणं हे आमचं काम, आणि बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत हे विचारतात. प्रश्न रास्त आहे.

डेस्कटॉपला यूएसबी किंवा पीसीआय कार्ड जोडलं की ते स्वतःची ओळख सांगतं. एम्बेडेड बोर्डावर, म्हणजे एखाद्या उपकरणाच्या आत बसणाऱ्या बोर्डावर, आय-टू-सी किंवा एसपीआय या चिपा जोडणाऱ्या साध्या तारांनी जोडलेला सेन्सर तसं काही सांगत नाही. तो कुठल्या पत्त्यावर आहे, त्याचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारा सिग्नल, कुठल्या पिनवर येतो, त्याला वीज कुठला रेग्युलेटर देतो, हे सगळं कर्नलला आधी लिहून द्यावं लागतं. हे वर्णन म्हणजे डिव्हाइस ट्री. पूर्वी एआरएम या जातीच्या प्रोसेसरांसाठीच्या कर्नलमध्ये प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतली वेगळी फाइल असे. त्यांचा ढीग इतका वाढला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं. त्यामुळे चिपला मूळ कर्नलमध्ये (टोरवाल्ड्स प्रसिद्ध करतात त्या) आधार असेल, तर नव्या बोर्डासाठी आज नवा कोड फारसा लिहावा लागत नाही. वर्णन मात्र अचूक लागतं, आणि आमचा खरा वेळ तिथेच जातो.

उदाहरणं देतो. काही डेटाशीट (चिपची माहितीपत्रकं) आय-टू-सीचा पत्ता वाचन-लेखनाचा बिट धरून देतात. तिथे हेक्समध्ये ९० लिहिलं असेल, तर लिनक्सला तो बिट वगळून ४८ सांगावं लागतं. इथे चूक झाली की सेन्सर सापडतच नाही आणि बिचाऱ्या सोल्डरिंगवर संशय जातो. आरजीएमआयआय म्हणजे प्रोसेसर आणि इथरनेटची फाय चिप (केबलवर सिग्नल पाठवणारी) यांच्यातली जोडणी. तिच्यात घड्याळाच्या सिग्नलला साधारण २ नॅनोसेकंदांचा विलंब लागतो. तो प्रोसेसर आणि फाय चिप यांपैकी एकानेच द्यायचा. दोघांनी दिला किंवा कोणीच दिला नाही, तर लिंक आलेली दिसते, पण एकही पॅकेट धड पोहोचत नाही.

सगळ्यांत चकवणारा दोष रेग्युलेटरचा, म्हणजे बोर्डाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या चिपचा. कोणी वापरत नाही असं दिसणारे रेग्युलेटर कर्नल वीज वाचवण्यासाठी बंद करतं, आणि तेही बूट झाल्यावर सुमारे ३० सेकंदांनी. वर्णनात एक जोडणी राहून गेली की बोर्ड व्यवस्थित सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटात त्याचा एखादा भाग मरतो. हार्डवेअर खराब आहे असं समजून बोर्ड बदलण्याआधी आम्हाला विचारा.

म्हणून आम्हाला सगळ्यांत आधी स्कीमॅटिक (बोर्डाचा सर्किट आराखडा) हवं, बोर्ड नंतर आला तरी चालेल. शक्यतो पीसीबी छापायला जाण्यापूर्वीच पाठवा. सिरियल कन्सोलच्या, म्हणजे बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या जोडणीच्या, टीएक्स (पाठवणं), आरएक्स (घेणं) आणि ग्राउंड या तीन पिना बाहेर काढलेल्या असाव्यात, आणि तिथली पातळी ३.३ व्होल्ट आहे की १.८, तेही लिहा. कर्नलचे पहिले शब्द तिथेच दिसतात. त्या पिना नसतील, तर आम्हाला अंधारात चाचपडावं लागतं. बोर्ड किमान दोन द्या, म्हणजे दोष एकाच नगाचा आहे की वर्णनाचा, ते लगेच कळतं.

रॅम चालू करण्याचं काम कर्नलच्या आधी, बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) होतं. रॅमची चिप बदलणार असाल तर त्याचा वेगळा वेळ धरा.

चिप कंपनीने दिलेल्या जुन्या कर्नलवर काम लवकर उरकतं, हे खरं. तरी आमचा आग्रह मूळ कर्नलचाच असतो. त्याची नवी आवृत्ती दर ९ ते १० आठवड्यांनी येते आणि आतले इंटरफेस बदलत राहतात. तुमच्या बोर्डाचं वर्णन तिथे स्वीकारलं गेलं, की असे बदल करणारेच ते सोबत दुरुस्त करतात. बाहेर ठेवलेला पॅच (कोडमधला बदल) प्रत्येक वेळी तुम्हालाच नव्याने बसवावा लागतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे पडतात.

परवान्याबद्दल काळजी असते. कर्नल जीपीएल या खुल्या सोर्सच्या परवान्याच्या आवृत्ती २ खाली आहे. उत्पादन ज्यांना द्याल, त्यांना त्यातल्या कर्नलचा सोर्स, आम्ही केलेल्या बदलांसकट, मिळण्याची सोय करावी लागते. कर्नलचे नेहमीचे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याची ठरलेली पद्धत) वापरून चालणारं तुमचं स्वतःचं ॲप्लिकेशन त्यात येत नाही.

काम चालू असताना बोर्डाची रिव्हिजन बदलली तर त्याच दिवशी कळवा, मग बदल एका पुल-अप रेझिस्टरचा का असेना.