पिल्ली की पिल्लू? सोलापुरातल्या बालमानसशास्त्राची पार्श्वभूमी

चित्रात मांजर आहे. "हे काय?" विचारलं की पोरगं म्हणतं, "पिल्ली." तपासणाऱ्याच्या मराठी कानाला 'पिल्लू' ऐकू येतं आणि गुण कापला जातो. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजरच. सोलापुरात बालमानसशास्त्राचं काम नव्यानं सुरू करणाऱ्याला संशोधनासाठी विषय हुडकत फिरावं लागत नाही. तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली मुलं तो घेऊनच समोर येऊन बसतात.

या बुद्धिमापन चाचण्यांचं मूळ पॅरिसमध्ये. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये प्रश्नांची मालिका तयार केली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी ती अमेरिकन मुलांसाठी बेतली. आपल्याकडे ती आणली धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी. मराठी आणि कन्नड मुलांसाठी त्यांनी केलेलं रूपांतर १९४० मध्ये पुस्तकरूपानं आलं आणि 'बिने-कामत' हे नाव रूढ झालं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात, सोलापूरही. म्हणजे आपल्या गावच्या दोन भाषांची सोय झाली. गिरण्या-मागांवर आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू मात्र त्या कामात नव्हती. आणि पुस्तकी तेलुगूतली चाचणी आणली तरी भागेल असं मला वाटत नाही. इथली तेलुगू अर्धी मराठीत भिजलेली आहे.

भाषेला वळसा घालायचा तर सेगाँचा फॉर्म बोर्ड आहे. लाकडी पाटीवर दहा खाचा, दहा आकार, हातात स्टॉपवॉच. तीनदा बसवायला सांगतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईशेजारी वाढलेली मुलगी इथे पटापट आकार बसवते आणि पुढच्या शब्दांच्या प्रश्नांना गप्प होते. दोन आकड्यांत एवढी तफावत का, हाच खरा अभ्यासाचा मुद्दा.

प्रशिक्षणाची वाट मात्र गावाबाहेरून जाते. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेनं १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढलं, बंगळुरूत १९५५ पासून वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानंतर या व्यवसायासाठी नोंदणी आली, आणि एम.ए.वर दोन वर्षांचं एम.फिल. ही बराच काळ चिकित्सक मानसशास्त्रज्ञ होण्याची नेहमीची वाट होती. तिथे हात बसतो, पण सोलापूरच्या साखर पेठेतल्या पोराची बोली कोण शिकवणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमता २१ प्रकारांच्या यादीत घेतली. दहावी तोंडावर आली की पालक या अक्षमतेच्या दाखल्यासाठी येतात. मूल वाचताना अडखळतं ते अक्षमतेमुळे, की घरी एक, गल्लीत दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा असल्यामुळे, हे एका बैठकीत कळत नाही. छापील फॉर्मवर 'मातृभाषा' म्हणून एकच ओळ असते. त्या ओळीखाली पेनानं आणखी दोन आखून घ्याव्या लागतात: आजी कोणत्या भाषेत रागावते, आणि खेळताना भांडण कोणत्या भाषेत होतं.