काउंटी सुपरवायझरच्या निवडणुकीला उभं राहायचंय? फॉर्म कुठे अडकतो ते आधी बघा

कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी आपल्यातल्या कुणाला तरी वाटतं की यंदा काउंटी सुपरवायझरला, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या सदस्यपदाला, उभं राहून बघू, आणि मग मतदार राहिले बाजूला, गाडी रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या, म्हणजे काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या, काउंटरवरच अडते. म्हणून हे लिहितोय. खाली आहे ते राज्याच्या कायद्याप्रमाणे, पण काही काउंट्यांचा स्वतःचा चार्टर (मूळ नियमावली) असतो, त्यामुळे आपल्या काउंटीची कँडिडेट गाइड डाउनलोड करून वाचाच.

आधी पद काय ते. राज्यात ५८ काउंट्या आहेत, बहुतेक ठिकाणी पाच सुपरवायझर, सॅन फ्रान्सिस्कोत अकरा, मुदत चार वर्षं. लॉस एंजेलिसमध्ये साधारण एक कोटी लोकांना पाचच जण आहेत, म्हणून तिथल्या मतदारांनी २०२४ मध्ये संख्या नऊ करायचं ठरवलं. जिल्हा परिषद सदस्यासारखं काहीतरी म्हणा, फक्त हातात पैसा आणि अधिकार बरेच जास्त. काउंटीचं बजेट, सरकारी हॉस्पिटलं, तुरुंग, गरिबांच्या योजना, आणि कुठल्याच सिटीत न येणाऱ्या भागातली बांधकाम परवानगी हे सगळं बोर्डाकडे. शाळा मात्र नाही! शाळा सुधारायला सुपरवायझर व्हायचंय म्हणणारे भेटतात, त्यांनी स्कूल बोर्डाला उभं राहावं. शेरीफ (पोलिसप्रमुख), डीए (सरकारी वकील), असेसर (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणारा) स्वतंत्र निवडून येतात, बोर्ड त्यांचं बजेट ठरवतं पण तपास कसा करा हे सांगू शकत नाही.

पात्रता दोन ओळींची आहे आणि तिथेच पहिली विकेट पडते. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेआधी सलग किमान ३० दिवस तुम्ही त्याच डिस्ट्रिक्टमधले (सुपरवायझरच्या मतदारसंघातले) नोंदलेले मतदार असायला हवेत. म्हणजे सिटिझन, ग्रीन कार्ड चालत नाही. घर बदललं, पण मतदार नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहिली असं होऊ शकतं. आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे सिटी नाही, मोठ्या सिटीतून तीन-तीन डिस्ट्रिक्टच्या रेषा जातात आणि त्या २०२१ मध्ये परत आखल्यात, त्यामुळे शेजारच्या गल्लीतला मित्र तुमच्या डिस्ट्रिक्टचा असेलच असं नाही.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. प्राथमिक निवडणुकीच्या (प्रायमरी, म्हणजे पहिली फेरी) ११३ दिवस आधी फॉर्म मिळायला लागतात आणि ८८ व्या दिवशी संध्याकाळी पाचला दार बंद. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी प्राथमिक मार्चमध्ये असते, एरवी जूनमध्ये. त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीचे फॉर्म ८ डिसेंबर २०२३ लाच बंद झाले, आणि २०२६ च्या २ जूनच्या निवडणुकीची मुदत ६ मार्च. नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे म्हणून उन्हाळ्यात चौकशीला गेलात तर काउंटरवरची बाई गोड हसून परत पाठवते. हे पद बिनपक्षाचं आहे, प्राथमिकमध्ये कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली तर तिथेच निकाल, नोव्हेंबरची वेळच येत नाही.

पाच दिवस मुदतवाढ मिळते हे अर्धवट ऐकून बसलेले पण खूप आहेत. ती फक्त सध्याच्या सुपरवायझरला परत उभं राहता येत असूनही त्याने फॉर्म भरला नाही तरच. टर्मची मर्यादा संपल्यामुळे तो उभाच राहू शकत नसेल तर मुदतवाढ नाही.

उमेदवारी अर्जावर समर्थकांच्या सह्या: २० लागतात, ४० च्या वर घेत नाहीत. वीस म्हणजे काय, दिवाळीच्या कार्यक्रमात अर्ध्या तासात होतील असं वाटतं ना? तिथेच गोची होते. सही करणारा त्याच डिस्ट्रिक्टचा नोंदलेला मतदार हवा आणि नोंदणीत आहे तोच घराचा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहायला हवा, पीओ बॉक्स नाही. काका उत्साहाने सही करतात आणि लगेच खालच्या ओळीत "हिची पण करून टाकतो" म्हणून काकूंचं नाव घालतात, दोन ओळी, एकच हस्ताक्षर. ती दुसरी ओळ बाद. एखाद्याने आधीच दुसऱ्या उमेदवाराच्या कागदावर सही केली असेल तर तुमच्याकडची धरत नाहीत. म्हणून चाळीसच्या चाळीस गोळा करा, आणि शेवटच्या दिवशी नाही तर आठवडाभर आधी द्या म्हणजे कमी पडल्या तर वेळ राहतो. बाकी कागद घेऊन फिरायला सिटिझन असावं लागत नाही, १८ पूर्ण असलं की झालं, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्या बाबांना कामाला लावता येतं, फक्त त्यांची स्वतःची सही नको.

फी सुपरवायझरच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का. नको असेल तर तिच्या बदल्यात सह्या देता येतात, पण ती मुदत उमेदवारीचे फॉर्म मिळायला लागायच्या आधीच संपते, हे कुणी आपणहून सांगत नाही.

मतपत्रिकेवर नावाखाली तीन शब्दांत व्यवसाय लिहायचा असतो, यावर जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरच होत नसतील. सध्याचा किंवा मागच्या कॅलेंडर वर्षातला मुख्य कामधंदाच चालतो, आणि कशाच्या आधारावर लिहिलंय ते वर्कशीटवर द्यावं लागतं. अॅक्टिव्हिस्ट, टॅक्सपेअर, चिंतित नागरिक बाद. "अनुभवी", "आघाडीचे" असलं काही नाही. मंडळाचं मानद अध्यक्षपद पण इथे उपयोगाचं नाही, कितीही धावपळ केलेली असो. नावाआधी डॉक्टर लावता येत नाही, पदवी नाही, पदही नाही. नामंजूर झालं तर पर्याय द्यायला तीन दिवस मिळतात, दुसरा पर्याय घरूनच ठरवून जा.

पैशांचे फॉर्म वेगळे. देणगी मागायच्या आधी फॉर्म ५०१ (उभं राहायचा इरादा कळवायचा), मित्राकडून पन्नास डॉलर घेण्याआधीसुद्धा. देणग्या दोन हजार डॉलरला पोचल्या की फॉर्म ४१० (प्रचार समितीची नोंदणी). फॉर्म ७०० मध्ये मालमत्ता दाखवायची, आणि इथे आयटीवाले गडबडतात, कंपनीकडून हातात आलेले शेअर्स, त्या कंपनीचा तुमच्या काउंटीत कारभार असेल तर, लिहावे लागतात, नवरा किंवा बायकोचे पण. राहतं घर सहसा नाही. पुण्यातला फ्लॅटही नाही, तो काउंटीच्या हद्दीबाहेर आहे.

मतदार पुस्तिकेत छापायचं निवेदन साधारण २०० शब्दांचं. त्यात पक्षाचं नाव नको, प्रतिस्पर्ध्याबद्दल एक अक्षर नको, आणि खर्च तुमचा, मोठ्या काउंटीत हजारो डॉलर. एकदा दिलं की मागे घेता येतं, बदलता येत नाही. व्याकरण आधीच कुणाकडून तरी तपासून घ्या, निवडणूक कार्यालयातले लोक तपासत नाहीत, जसंच्या तसं छापतात.

सगळंच चुकलं तर राइट-इन उरतं. मतदानाच्या ५७ ते १४ दिवस आधी फॉर्म भरायचा, फी नाही, वीस सह्या मात्र इथेही लागतात. नाव छापलेलं नसतं, मतदाराने ते स्वतः लिहायचं, त्यामुळे "कुलकर्णी"चं स्पेलिंग लोकांकडून आत्तापासून घोटून घ्या.